सायलेन्सरची मागणी निवेदनातून काढा : पीकसंरक्षण परवानाधारकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील पीकसंरक्षणाच्या बंदुकीचे परवानाधारक शेतकरी

मंडळी, नमस्कार.

येत्या लोकशाही दिनाला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायच्या निवेदनाचा मसुदा माझ्याही मोबाईलवर आला. रानडुकरांच्या नुकसानीचे पंचनामे वेळेत व्हावेत आणि शेतीची लाईट दिवसा मिळावी, या दोन मागण्यांखाली माझी सही आजच धरा. तिसरी मागणी मात्र मला मान्य नाही. रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी परवानाधारकांना बंदुकीला सायलेन्सर (बाराचा आवाज दाबणारं नळकांडं) लावायची मुभा मिळावी, असं तिच्यात लिहिलंय. ती काढून टाका एवढंच सांगायला हे पत्र. आपल्या मोबाईलच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर चार अंगठे आणि दोन शिव्या पडून विषय संपला असता, म्हणून चारचौघांत लिहितोय.

मीही परवानाधारक आहे. उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या अंगाला जमीन आहे, आणि वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअर, छऱ्याची बंदूक, माझ्या नावावर झाली आहे. डुकरं काय करतात हे मला कुणी समजावून सांगायला नको. मक्याच्या कणसात दूध भरायला लागलं की कळप शिरतो, खातो त्याच्या चौपट लोळवतो आणि सकाळी बांधावर उभं राहून माणूस नुसता बघत राहतो. तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक अशा तिघांची तारीख जुळेपर्यंत रान नांगरून झालेलं असतं. हा राग मला कळतो. पण त्या रागातून जे मागितलंय, ते उद्या आपल्याच अंगावर येणार आहे.

आधी कायद्याचं बोलू. मसुद्यात ‘जिल्हाधिकारी महोदयांनी परवानगी द्यावी’ असं लिहिलंय. साहेबांच्या हातात ते नाहीच. १९५९ च्या हत्यार कायद्यात अग्निशस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यातच गोळी झाडताना होणारा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेलं साधन मोडतं. कायद्याच्या लेखी सायलेन्सर हे बंदुकीला लावायचं किरकोळ सामान नाही, तो स्वतःच अग्निशस्त्र आहे. शिवाय हत्यार नियमांच्या पहिल्या अनुसूचीत त्याला पहिल्या वर्गात टाकलंय. आपली छऱ्याची बंदूक तिसऱ्या वर्गातली. तिचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. पहिल्या वर्गाचा विषय दिल्लीला, केंद्रीय गृहखात्यापर्यंत जातो. सोलापुरात निवेदन देऊन तिथलं कुलूप उघडणार नाही.

आपल्या परवान्यावर बंदुकीचा नंबर आहे. सायलेन्सरचा कुठेही नाही. तो घरात सापडला तर विनापरवाना हत्यार सापडलं म्हणूनच गुन्हा नोंदवतील, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची कैद आहे, वर पाचपर्यंत. ‘कशाला मागायचं, एमआयडीसीत लेथवर करून घेऊ’ असंही कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं. त्या मालकांनी नीट वाचावं : विनापरवाना हत्यार बनवणं हा बाळगण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. त्याच दुरुस्तीने त्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप केली. लेथवाला बिचारा कुठल्याशा पंपाचा पार्ट समजून कातून देईल आणि आयुष्यातून उठेल. कुरिअरने मागवलेल्या नळकांड्यालाही हीच व्याख्या लागू होते. डब्यावर ‘क्लीनिंग किट’ लिहिलं म्हणून ते क्लीनिंग किट होत नाही.

दुसरा कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. तो आपल्यातल्या बहुतेकांना अर्धाच माहीत आहे. शिकारीला बंदी आहे, पण डुकराला सूट आहे, असं आपण एकमेकांना सांगतो. सरसकट सूट नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर काळवीट, चिंकारा, लांडगा, बिबट्या, मोर, माळढोक हे पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि रानडुक्कर, नीलगाय, अगदी ससासुद्धा दुसऱ्या अनुसूचीत. पिकाचं नुकसान करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराला मारायचं तर कलम ११ खाली अधिकाऱ्याची कारणासह लेखी परवानगी लागते. २०१५ साली राज्य सरकारने रानडुक्कर आणि नीलगायीपुरती ही परवानगी खालच्या अधिकाऱ्यापर्यंत आणून सोपी केली, हे खरं. पण सोपी केली म्हणजे उठवली नाही. आणि परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता होतं. म्हणजे वाटे पाडायचा प्रश्नच येत नाही. (इथे काही जण गालात हसतील, मला ठाऊक आहे.)

नान्नज, वडाळा, मार्डीकडच्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. हे कलम ३४. आपल्याला बंदूक दिली आहे ती इतकी राखून दिली आहे. वन्यजीवाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर न्यायालय हत्यार परवाना रद्द करून पुढची पाच वर्षे तुम्हाला अपात्र ठरवू शकतं. एका तितरापायी बापजाद्यांची बंदूक ठाण्यात कायमची जमा झाली, असं व्हायला नको. निवडणुकीच्या आचारसंहितेत ती जमा करताना आपला जीव किती वरखाली होतो, ते सगळ्यांनी अनुभवलंय.

आता ग्रुपवर फिरणाऱ्या त्या व्हिडिओंचं. नॉर्वेचा शिकारी बर्फात उभा आहे, रायफलीच्या टोकाला काळं नळकांडं, ‘तिकडं चालतं मग इकडं का नाही’ असा खाली प्रश्न. प्रश्न योग्य आहे, त्याला झुरळासारखं झटकू नये. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकाऱ्याने सायलेन्सर लावणं हे खरंच नेहमीचं आहे. फ्रान्सने २०१८ पासून शिकारीला तो चालू केला, जर्मनीने २०२० मध्ये शिकाऱ्यांसाठी वाट सोपी केली. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलरचा कर लावला होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला, आणि तिथल्या बहुतेक राज्यांत तो लावून शिकार करता येते. या देशांचं मुख्य कारण : कान. रायफलीचा बार कानाशी १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि अशा धक्क्याच्या आवाजात १४० च्या वर गेलं की एका बारातही कानाला कायमची इजा होऊ शकते. सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस कमी करतो. सिनेमात दाखवतात तसं ‘फुस्स’ काही होत नाही. नळीतून सुटणारा गरम वायू आत कप्प्याकप्प्यांत अडवून हळू सोडायचा, एवढंच त्याचं काम. गोळी आवाजापेक्षा वेगाने निघाली की ती हवेत जो तडाखा देते, तो तसाच राहतो.

म्हणजे ते साधन पापी आहे असं माझं म्हणणं नाही. १९०९ साली अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिमने त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा शेजाऱ्यांना त्रास न होता नेमबाजी करता यावी हाच विचार होता. (मशीनगनवाला मॅक्सिम तो याचा बाप. घरात दोन्ही टोकं.) पण नॉर्वेच्या व्हिडिओत जे दिसत नाही ते बघा. तो माणूस शिकारीची परीक्षा पास झालेला असतो. कुठलं जनावर, कुठल्या महिन्यात, किती, हे ठरलेलं असतं. तिथे शिकार हा कायद्याने चाललेला व्यवहार आहे आणि सायलेन्सर त्या व्यवहारातल्या माणसाचा कान वाचवतो. आपल्याकडे तो व्यवहारच नाही. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले. त्यामुळे इथे सायलेन्सर वाचवणार कुणाला? परवानगी घेऊन डुक्कर मारणाऱ्या शेतकऱ्याला चोरासारखं मारायची गरज नाही. गरज आहे ती ज्याला परवानगी मिळणारच नाही त्याला.

कानाचं म्हणाल तर कानावर लावायचे मफ आणि कानात घालायची बोंडं बाजारात मिळतात, त्यांना परवाना लागत नाही. खरं म्हणजे आपल्यातल्या जुन्या लोकांना दोनदा हाक मारावी लागते ती याच बारांमुळे. यावर तुम्ही सामूहिक खरेदी काढा, मी वर्गणी देतो.

दुसरं, आपली बंदूक छऱ्याची. व्हिडिओतली रायफल एक गोळी सोडते. आपल्या नळीतून छरे, काडतुसातला डाट सगळं एकदम बाहेर पडतं. नळी रुंद, त्यामुळे तिला बसेल असं साधन मोठं आणि जड होतं, आणि ते केसभर जरी तिरकं बसलं तरी छरे आतल्या कप्प्यावर आदळतात. गावठी काम केलेल्या नळकांड्यासमोर मी माझं तोंड ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

पण माझा मुख्य मुद्दा हा नाहीच. उद्या केंद्राने परवानगी दिली, पुण्याच्या एखाद्या दुकानात आयएसआय मार्क मारलेला सायलेन्सर मिळायला लागला, तरीही मी विरोधच करीन.

आपल्याला बंदूक मिळाली ती राखणीसाठी, आणि राखण हे आवाजाचं काम आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीत माळ्यावर बसून पोरं हाळी देतात, गोफण फिरवतात, पत्र्याचा डबा बडवतात. हल्ली स्पीकरवर कुत्र्याचं भुंकणं लावून ठेवतात. बारा बोअर ही त्याच रांगेतली शेवटची वस्तू. आपण बहुतेक वेळा बार काढतो तो हवेत, आणि डुकरं रान सोडतात ती छऱ्याला भिऊन नाही, आवाजाला भिऊन. त्या बंदुकीचा आवाज काढून घ्यायचा म्हणजे राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधून त्याला खळ्यावर सोडायचं. सायलेन्सर लावलेल्या बंदुकीने शेताची राखण होत नाही, फक्त जनावर मारलं जातं. ज्याला फक्त जनावर मारायचंय त्याने ‘पीकसंरक्षण’ म्हणू नये.

मसुद्यात एक ओळ आहे : ‘आवाज न झाल्यास कळप बिथरत नाही व एकाच वेळी अधिक डुकरांचा बंदोबस्त होतो.’ लिहिणारा हुशार आहे, आणि बरोबरही आहे. युरोपात डुकरांची संख्या कमी करणारे शिकारी हेच सांगतात. पण हीच ओळ मोहोळ-उत्तर सोलापूरच्या माळावर काळविटांच्या कळपासमोर वाचून बघा. मोकळ्या माळावर काळविटाला लपायला झाड नाही, झुडूप नाही. त्याच्याकडे आहे ती नजर, कान आणि पळ. पहिल्या बाराला कळप उधळतो आणि बाकीचे वाचतात. आवाज दबला, कुठून आला ते कळलं नाही, तर कळप क्षणभर जागच्या जागी गोंधळतो आणि दुसरा, तिसरा पडतो. नळकांड्याला डुक्कर आणि काळवीट यातला फरक कळत नाही. जीपमधून, बॅटरीच्या झोतावर ससे मारत हिंडणाऱ्या टोळीलाही तेच नळकांडं चालतं, आणि ती टोळी आपल्याआधी ते मिळवेल.

१९७२ च्या मूळ कायद्यात, म्हणजे परवाना घेऊन शिकार करता येत होती त्या काळातही, काही गोष्टी मना होत्या : गाडीतून शिकार, रात्रीची शिकार, खास परवानगीशिवाय दिव्याच्या झोतावरची शिकार, पाणवठ्यावर दबा धरून मारणं. जनावराला निसटायची संधीच उरणार नाही असं काही करायचं नाही, हा त्यामागचा विचार. ज्यांना शिकारीची परंपरा सांगायची हौस आहे त्यांनी ही परंपराही सांगावी. त्या यादीत सायलेन्सर नव्हता, कारण तो इथे बहुधा कुणाकडे नव्हताच.

आता आवाज ऐकतं कोण, यावर या. ‘वनरक्षक बीटवर असतो कुठं, ऐकणार कोण?’ असं तुम्ही म्हणाल. बीट, म्हणजे त्याचा गस्तीचा पट्टा, मोठं आणि माणूस एकटा, हे मान्य. पण माळावर ऐकणारे दुसरेच असतात. शेतात मेंढ्यांचा वाडा बसवून रात्र काढणारा मेंढपाळ असतो. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या फडाशेजारी कोप्या घालून राहणारी तोडकरी कुटुंबं असतात. रात्रीच्या लाईटला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेला शेतकरी असतो. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर फोन करायचा तर आधी काहीतरी ऐकू यायला हवं. १ ऑक्टोबर १९९८ च्या रात्री जोधपूरजवळ कांकाणी गावात काळविटांची शिकार झाली. बाराच्या आवाजाने बिष्णोई गावकरी उठले, धावले, जिप्सी दिसली, ही सरकारी पक्षाच्या साक्षीतली मुख्य गोष्ट होती. एका नामांकित नटाला त्यात २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली; अपिलात काय व्हायचं ते होईल. पण तो आवाज झालाच नसता तर खटला तरी कुठून उभा राहिला असता?

आणि दारं धरणारा माणूस हा फक्त साक्षीदार नाही, मंडळी. तो उद्याचा बळीही आहे. आपल्याकडे थ्री फेज लाईट रात्री येते. अर्धं गाव अंधारात उसाच्या, मक्याच्या सऱ्यांमध्ये वाकून काम करत असतं. कुठेतरी बार झाला की शेजारचा गडी ओरडतो, ‘अरे, मी आहे इकडं!’ बॅटरी हलवतो, आडवा होतो. पहिला बार ही बाकीच्यांना दिलेली सूचना असते. सायलेन्सरने ती सूचना गेली तर दुसरा बार सरसरणाऱ्या पानांवर जाईल, आणि पानांमागे डुक्कर असेलच असं नाही. फडात अंगावर घोंगडं घेऊन बसलेला माणूस पंचवीस पावलांवरून डुकरासारखाच दिसतो. हा मुद्दा एवढ्यासाठी लांबवतोय की निवेदनावर सह्या करणाऱ्या निम्म्या लोकांची पोरंच रात्री मोटर चालू करायला जातात.

जखमी जनावराचंही तसंच. छरे लागलेलं डुक्कर फडात शिरतं आणि सकाळी तोडकऱ्यांच्या अंगावर येतं. आज बार झाला की सकाळी पारावर कुणीतरी विचारतंच, ‘रात्री कुणी काढला? लागलं का? कुठं गेलं?’ त्या विचारण्याला उत्तर द्यावं लागतं, म्हणून माणूस जनावराचा माग काढायला जातो. कुणी ऐकलंच नाही तर कुणी विचारणार नाही. आपण सगळे सज्जन आहोत, पण सज्जनपणाला अशा विचारण्याचा आधार लागतो.

आणखी एक बाजू आहे. सोलापूरच्या माणसाने तरी ती विसरू नये. माळावर मेलेलं हरण सापडलं, बार कुणी ऐकला नाही, तर संशय कुणावर जाईल? शेजारच्या पालावर. फासेपारध्यांची दोन पोरं उचलली जातील. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात कोंडलं; ती सेटलमेंट आपल्याच शहरात होती. कायदा १९५२ ला गेला, नजर अजून गेलेली नाही. बाराचा आवाज एवढं तरी सांगतो की मारणाऱ्याकडे बंदूक होती, म्हणजे बहुधा घर होतं, गाडी होती, ओळखी होत्या. तो आवाज पुसला की गुन्हा ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या नावावर सहज चिकटतो. तुम्ही असं करणार नाही, ठाऊक आहे. पण तुम्ही मागितलेल्या सवलतीचा फायदा घेऊन दुसरा कुणी करील.

जनावर मारावंच लागलं तर ते कसं मारावं, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. लोक शेतात जायचे थांबले, ऊसतोड थांबली. वरून लेखी आदेश आला, पथकं आली, पिंजरे लागले, आणि शेवटी १८ डिसेंबरला त्याला गोळी घातली गेली. सगळं उघड्यावर, नोंदीसकट. त्याआधी २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघिणीला रात्री गोळी घातली तेव्हा आदेश असूनही केवढा वाद झाला, गोळी कशी लागली, बेशुद्धीचा डार्ट आधी मारला की नंतर, यावर चौकशा झाल्या. मला त्या वादात कुणाची बाजू घ्यायची नाही. पण सरकारी आदेशाने झाडलेल्या गोळीलाही एवढा हिशेब द्यावा लागतो आणि आपण आपल्यासाठी बिनहिशेबी गोळी मागतोय, हे बरं दिसत नाही. वनविभागाला एखाद्या मोहिमेत, वस्तीलगत, आवाज कमी करणारं साधन खरोखर लागलंच, तर ते सरकारने सरकारी हत्याराला, लेखी आदेशाने आणि नोंद करून वापरावं. त्यावर बोलता येईल. आपल्या कपाटातल्या बारा बोअरशी त्याचा संबंध नाही.

काही जणांना यात माळढोकचा जुना राग काढायचाय, तेही समजतं. १९७९ साली अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्यात अडकली, खरेदी-विक्री, बांधकाम, सगळ्याला खोडा बसला. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, तोवर एक पिढी खेटे घालण्यात गेली. पक्षी तर दिसेनासाच होत चाललाय. हा राग सरकारच्या कारभारावर आहे आणि तो रास्त आहे. तो काळविटावर आणि खोकडावर काढू नका.

मग तिसऱ्या मागणीच्या जागी काय लिहायचं? माझ्या मते : रानडुकरासाठीचा परवानगीचा अर्ज आल्यावर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावं, हो किंवा नाही. सौर कुंपणाचं अनुदान अभयारण्यालगतच्या सगळ्या गावांना मिळावं, यादीत नाव आहे की नाही यावर अडू नये. (आणि कुंपणात थेट मेनलाईनचा करंट सोडणाऱ्यांना आपणच समज द्यावी. त्यात डुकराबरोबर माणसं आणि गुरंही मरतात, आणि तो खुनाच्या तोंडचा गुन्हा आहे.) पक्ष्यांवर एअरगन चालवणाऱ्या पोरांसाठी अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून एअरगन जमा करायची मोहीम चालली, तशी इथेही काढावी, उजनीच्या काठावर तिची गरज आहे. एअरगनला लावायला म्हणून विकल्या जाणाऱ्या नळकांड्यांवर पोलिसांनी लक्ष ठेवावं. हे शेवटचं मागणाऱ्यांत आपण परवानाधारकच पुढे असलो, तर वनखातं आपल्या बाकीच्या अर्जांकडेही जरा वेगळ्या नजरेने बघेल, असं मला वाटतं. चुकत असेन तर समोर सांगा.

निवेदनाचा नवा मसुदा कुणी टाईप करणार असेल तर रविवारपर्यंत माझ्याकडे पाठवा, मी वाचून देतो. सोमवारी सकाळी मी जिल्हाधिकारी कार्यालयात येतोय. मसुद्यात तिसरी मागणी आहे तशीच असेल, तरीही येईन. मग पंचनामे आणि दिवसाच्या लाईटसाठी वेगळा अर्ज देईन, आणि सायलेन्सरला हरकत म्हणून हे पत्र त्याला जोडीन.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी
उत्तर सोलापूर